पुस्तक हातात राहील असे खेळ: मे महिन्याच्या सुट्टीसाठी

प्रश्न: आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी तिसरीत, मराठी प्राथमिक शाळेत आहे. मुलगा सहावीत, आता इंग्रजी माध्यमात. घरी आम्ही कोंकणी बोलतो. दर शनिवारी मी वाचनालयातून पुस्तकं आणते आणि ती तशीच परत जातात. मुलगी चित्रं बघून पुस्तक मिटते, मुलगा फुटबॉल सोडून कशालाच हात लावत नाही. सुट्टीत दोघांना वाचायची गोडी लागेल असे काही मजेचे उपक्रम सुचवाल का? घरी करता येतील असेही आणि वाचनालयात करता येतील असेही.

उत्तर:

ताई, तुमच्या लिहिण्यावरून पुस्तकं तुम्ही एकट्याच जाऊन निवडता असं दिसतं. तिथूनच सुरुवात करूया. पुढच्या शनिवारी दोघांना बरोबर न्या आणि निवडायचं काम त्यांच्यावर सोडा. मुलगी सहा पुस्तकं काढेल, पाच परत ठेवेल, मुलगा दारात उभा राहून रस्ता बघेल. बघू दे. वाचनालयाच्या मुलांच्या विभागात इतकी वर्षं काम करताना मी सतत बघत आले आहे की मुलाने स्वतःच्या हाताने कपाटातून काढलेलं पुस्तक घरी उघडलं जातं, आईने पिशवीत घातलेलं बहुधा तसंच राहतं. तुम्हाला एखादं पुस्तक आवडलं तर जरूर घ्या, पण तुमच्या कार्डावर, तुमच्यासाठी. आणि घरी ते मुलांच्या समोर बसून खरंच वाचा.

आता उपक्रमांविषयी. सुट्टी आली की सगळीकडे शिबिरं सुरू होतात. कागदाचे पक्षी, मातीची भांडी, तोंड रंगवणं, जादूचे प्रयोग. वाचनालयांतही हे चालतं. मुलं खूश होतात, आईवडील फोटो काढतात आणि कपाटाला हात न लावता सगळे घरी जातात. हस्तकलेला माझा विरोध नाही, मला ती मनापासून आवडते. पण वाचनाचा उपक्रम निवडताना मी एक कसोटी लावते: खेळाच्या मधोमध कुणी पुस्तक काढून घेतलं तर खेळ अडतो का? अडला तर तो वाचनाचा खेळ. पुस्तक नसतानाही तो तसाच चालू राहिला तर तो दुसरा कसला तरी खेळ आहे, त्याची मजा वेगळी. खाली जे काही सुचवते आहे ते सगळं या कसोटीला उतरलेलं आहे.

त्याआधी तुमच्या मुलीविषयी थोडं. ती चित्रं बघून पुस्तक मिटते, यात काळजी करण्यासारखं काही नाही. तिसरीतलं मूल जोडाक्षरांशी झगडत असतं. 'स्वच्छ', 'दृष्टी', 'उत्सुकता' असे शब्द फोडत फोडत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. त्यात घरात कोंकणी, शाळेत मराठी, म्हणजे अक्षरं ओळखली तरी शब्द ओळखीचा असेलच असं नाही. पुस्तक झेपेल का हे बघायची एक सोपी रीत तिला शिकवा. मधलं कुठलंही पान उघडायचं, वाचायला लागायचं आणि अडला शब्द की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक आत्ता एकटीने वाचायला जड आहे. पण जड आहे म्हणून ते परत ठेवायला लावू नका. ते तुम्ही तिला वाचून दाखवायचं आणि हलकं पुस्तक तिने स्वतः वाचायचं, अशी दोन पुस्तकं घरी येऊ द्या. तरीही अक्षर लागत नसेल, फळ्यावरचं दिसत नसेल, ओळी सुटत असतील, तर आधी डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षिकेशी बोला. अशा वेळी गोडी लावायचे उपाय करत बसण्यात मुलाचे महिने वाया जातात.

वाचून दाखवणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा उपक्रम आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. मूल वाचायला शिकलं की घरात वाचून दाखवणं बंद होतं. वास्तविक याच वयात त्याची जास्त गरज असते, कारण कानांनी ऐकून समजण्याची मुलांची ताकद डोळ्यांनी वाचण्याच्या कितीतरी पुढे असते. सहावीतला मुलगासुद्धा ऐकतो. जवळ येऊन बसणार नाही, पण दाराआडून ऐकेल. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गोष्ट आधी स्वतः एकदा वाचून ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. मराठी वाक्य मराठीतच वाचा, दर वाक्याला कोंकणीत सांगत बसू नका. त्याने गोष्टीचा ताल मोडतो. मात्र गप्पा खुशाल कोंकणीत होऊ द्यात. 'आनी मागीर कितें जालें आसतलें?' (आणि मग काय झालं असेल?) असं मुलीने विचारलं तर तिला सगळं समजलेलं आहे. पानापानावर प्रश्न विचारू नका, तात्पर्य तर अजिबात विचारू नका. आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटा, खूण घाला आणि तिच्या हाताला लागेल असं ठेवा. दुसऱ्या दिवशी खूण दोन पानं पुढे सरकलेली दिसली तर काही बोलू नका.

आता खेळ. मला सगळ्यांत जवळचा खेळ चित्रकथीचा, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. गोव्याची सीमा ओलांडली की कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातल्या कथा चित्रांवरून सांगत आला आहे. सुट्या कागदांवर एकेक प्रसंग रंगवलेला असतो, त्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने एकेक चित्र दाखवत कथा पुढे जाते. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. फोंड्याहून कुडाळ काही लांब नाही. जमलं तर मुलांना एकदा पिंगुळी दाखवून आणा.

खेळ असा. चित्रं नसलेली किंवा एखाददुसरंच चित्र असलेली एक गोष्ट घ्या. चार-पाच मुलं हवीत. तुमची दोन आणि वाड्यावरची आणखी दोन-तीन, एवढी पुरे. आठ मोठे कागद द्या आणि सांगा की ही गोष्ट आठच चित्रांत बसवायची आहे. खरी मजा इथे आहे, कारण आठ प्रसंग कुठले हे ठरवायला गोष्ट पुन्हा वाचावी लागते. पहिल्या वेळी मुलं सुरुवातीलाच पाच चित्रं संपवतात आणि शेवटाला कागद उरत नाहीत. मग पुन्हा पुस्तक, पुन्हा मोजणी. प्रसंग ठरले की एकेकाने एकेक चित्र काढायचं आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्या प्रसंगाचं निवेदन स्वतःच्या शब्दांत लिहायचं. अट एकच: त्यात एक वाक्य पुस्तकातलं, जसंच्या तसं. ते वाक्य निवडताना मुलं जेवढं बारकाईने वाचतात तेवढं परीक्षेलाही वाचत नसतील. चित्र प्रेक्षकांकडे धरलं की मागचा मजकूर सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे पाठांतर लागत नाही. टाळ नसला तर स्टीलचं ताट आणि चमचा चालतो.

आमच्याकडे एकदा सिंहाला विहिरीत पाडणाऱ्या सशाची गोष्ट चालली होती. सिंह विहिरीत डोकावतो आहे, या चित्रात ससा कुठे काढायचा यावरून दोन मुलींचं जोरात भांडण जुंपलं. एक म्हणे कठड्यावर, दुसरी म्हणे सिंहाच्या मागे लपून. शेवटी दोघी पुस्तकाकडे धावल्या. त्या पुस्तकात एवढंच होतं की सशाने लांबूनच विहीर दाखवली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, ससा खोडला आणि कागदाच्या अगदी कोपऱ्यात, झाडाखाली, नखाएवढा पुन्हा काढला. चित्र आधीपेक्षा कितीतरी छान झालं, कारण आता सशाची भीती आणि हुशारी दोन्ही त्यात दिसत होत्या. मी या सगळ्यात एक शब्दही बोलले नव्हते.

दुसरा खेळ वाचनालयातच करायचा, खजिना शोधण्याचा. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी असते, तो त्या पुस्तकाचा पत्ता. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली मांडलेली ही पद्धत आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत चालते. लोककथा ३९८.२, ग्रह-तारे ५२३, मासे ५९७, पक्षी ५९८, स्वयंपाक ६४१.५. हे कळलं की मुलं कपाटांमधून आपल्या वाड्यात फिरावं तशी फिरायला लागतात. चिठ्ठ्या तुम्ही आदल्या दिवशी लिहून ठेवायच्या. पहिली चिठ्ठी: '५९८ मध्ये खंड्या शोध, तो काय खातो ते वाच.' उत्तर मासे, म्हणून पुढचा पत्ता ५९७. तिथल्या पुस्तकात ठेवलेली चिठ्ठी विचारते, 'बांगड्याच्या पाठीवर कसल्या रेषा असतात?' तिथून गाडी ६४१.५ वर, बांगड्याचं काय काय करतात ते बघायला. शेवटची चिठ्ठी ३९८.२ मध्ये, जिथे एक लोककथा वाट बघत असते आणि ती तिथेच जमिनीवर बसून वाचायची असते. उत्तर पुस्तकात वाचल्याशिवाय पुढचा पत्ता मिळता कामा नये, एवढं सांभाळा. काही वाचनालयांत मुलांच्या पुस्तकांना क्रमांक लावलेले नसतात, नुसती भाषेनुसार मांडणी असते. तिथे ग्रंथपालांना विचारा, त्या कपाटं सांगतील. आणि आदल्या दिवशी त्यांची परवानगीही घ्या. काढलेलं पुस्तक मुलांनी स्वतः परत लावायचं की टेबलावर ठेवायचं, हेही त्यांनाच विचारा. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक सापडायला आम्हाला कधी कधी महिने लागतात.

मे महिना म्हणजे आपल्याकडे पुरुमेताचा महिना. सोलं, मिरच्या, सुकं, लोणच्यांसाठी तोरं, सगळी पावसाळ्याची बेगमी. यात वाचनाला भरपूर जागा आहे. मुलीला आजीजवळ बसवा आणि आजी एखादं लोणचं कसं घालते ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा, कोंकणीत सांगितलं तर कोंकणीतच. मग वाचनालयातून पाककृतींचं पुस्तक आणा आणि त्याच लोणच्याची कृती शोधा. दोन्हींत काय वेगळं आहे? मीठ आधी की मोहरी आधी? पुस्तकात 'चवीपुरतं' लिहिलंय, आजी मूठ सांगते. आता पुस्तकातली कृती वहीत उतरवून तिच्या पट्ट्या कापा, एका पट्टीवर एक पायरी, आणि त्या पिसून मुलांना क्रमाने लावायला द्या. एक पायरी चुकली तर काय होईल यावर वाद घालू द्या. गोष्टीची पुस्तकं न आवडणारी मुलं अशा वाचनात पुष्कळदा रमतात. काहीतरी करण्यासाठी वाचणं हेही वाचनच आहे आणि घरात आपण त्याला फारसं मोजत नाही.

आजीकडूनच हुमाणीं, म्हणजे कोंकणी कोडी, गोळा करा. मुलांनी ती लिहायची, मग वाचनालयातलं मराठी कोड्यांचं पुस्तक काढून त्यात त्याच उत्तराचं कोडं सापडतं का ते शोधायचं. नारळ, दिवा, कोंबडीचं अंडं यांची कोडी बहुतेक सापडतात. फेरीबोटीत, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर कोड्यांचं पातळ पुस्तक फार उपयोगी पडतं. चोडणला जाताना रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत चढलं की पलीकडच्या काठापर्यंत चार-पाच कोडी सहज होतात. हाच खेळ चवथीला माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून सजवतात त्या चौकटीवर, करता येईल. कवंडळ, कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिपटं, जे बांधलं जाईल त्या प्रत्येकाचं वनस्पतींच्या पुस्तकातलं चित्र आणि माहिती शोधून एकेक कार्ड करायचं. पण ते ऑगस्ट-सप्टेंबरमधलं काम, आत्ता नुसतं लक्षात ठेवा.

मुलाला विज्ञानाकडे ओढायचं असेल तर मेची सुरुवात चुकवू नका. आपला गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आपल्याकडे हे साडेबाराच्या सुमारास घडतं. तो क्षण बाराला का येत नाही, हाच पहिला प्रश्न. दोन-तीन दिवस आधी ५२३ आणि त्याच्या आजूबाजूची पुस्तकं घरी आणून ठेवा. अंगणात भरलेली बाटली सरळ उभी करा, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करू द्या. सावली गायब झाली की मुलं ओरडतात, हे ठरलेलं. मग विचारा, दिल्लीच्या मुलांना हे कधी दिसेल? उत्तर आहे कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. पण ते तुम्ही सांगायचं नाही. नकाशाचं पुस्तक टेबलावर असू द्या. १० ऑगस्टच्या आसपास ही संधी पुन्हा येते, पण तेव्हा आपल्याकडे ढगांचं राज्य असतं.

दोन्ही मुलांना एकत्र बांधणारा खेळ नाट्यवाचनाचा. आपल्याकडे देवळाच्या उत्सवात गावच्या लोकांनी मराठी नाटक करायची परंपरा आहे, त्यामुळे तालीम म्हणजे काय हे गोव्याच्या मुलांना सांगावं लागत नाही. भरपूर संवाद असलेली गोष्ट निवडा. निवेदक दोन करा, म्हणजे लांब परिच्छेद वाटले जातात. प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येकाने आपल्या ओळी रंगवलेल्या. पाठ करायचं नाही, कपडे नाहीत, हालचाल नाही, सगळा अभिनय आवाजात. जे मूल वाचायला अडखळतं त्याला परत परत येणारी छोटी ओळ द्या. गोष्टीतला कावळा दर वेळी तेच म्हणत असेल तर ती ओळ त्याची. चौथ्यांदा ती येते तेव्हा तो कागदाकडे न बघता ठसक्यात म्हणतो आणि त्याच्या आवाजातला फरक सगळ्यांना ऐकू येतो. एकच मजकूर दहा वेळा वाचा असं सांगितलं तर मुलं कंटाळतील, तालमीत तेच मूल तो आनंदाने वाचतं. वाचनाला ओघ येतो तो अशा पुन्हा पुन्हा वाचण्यातून. आठवड्याने शेजाऱ्यांना अंगणात बोलवा आणि पंधरा मिनिटांचा प्रयोग करा.

बक्षिसांविषयी माझं मत स्पष्ट आहे. 'सुट्टीत वीस पुस्तकं वाचली तर सायकल' असं काही ठेवू नका. मुलं हुशार असतात, सगळ्यांत पातळ पुस्तकं शोधतात आणि आवडलेलं जाड पुस्तक बाजूला राहतं. त्याऐवजी पुढच्या वाचकाला चिठ्ठी लिहायची पद्धत घाला. पुस्तक परत करताना मुलाने एका लहान कागदावर दोन-तीन ओळी लिहायच्या: 'सुरुवात कंटाळवाणी आहे पण पान १४ नंतर थांबू नको,' किंवा 'यातली म्हातारी माझ्या मावशीसारखी आहे.' ग्रंथपालांना विचारून ती चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटी पाकिटात ठेवायची. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यांतलं एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. एका मुलाची चिठ्ठी हे काम आमच्या सूचनाफलकापेक्षा चांगलं करते. आणि आपल्या चिठ्ठीला कुणी खाली उत्तर लिहिलंय का हे बघायला लिहिणारं मूल तेच पुस्तक पुन्हा उघडतं.

पुस्तकं कुठून आणायची? तालुक्याचं वाचनालय आहेच. सुट्टीत एकदा पणजीला जाऊन पाटोवरच्या संस्कृती भवनातलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय दोघांना दाखवा. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे आणि तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. पणजीतच बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांच्या वाचनासाठी काम करते आहे. घरबसल्या हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, तुमच्या मुलीला पुढची तीन-चार वर्षं पुरतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतल्या चित्रकथा मोफत मिळतात आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर छापून घ्या आणि आजीला कोंकणीतली, मुलीला मराठीतली द्या. एकेक पान आळीपाळीने वाचू द्या. फोनवर वाचायला मात्र देऊ नका, त्यात गोष्ट सोडून बाकी सगळं उघडतं.

राहिला तुमचा मुलगा. फुटबॉल सोडून कशालाच हात लावत नाही म्हणता, मग फुटबॉलच वाचू दे. गोव्यात यापेक्षा सोपी सुरुवात कुठली? वाचनालयात फुटबॉलचा पत्ता ७९६.३३४. ब्रह्मानंद शंखवाळकर हा आपल्याच मातीतला गोलरक्षक, भारताचा कर्णधार, १९९७ चा अर्जुन पुरस्कार त्याच्या नावावर. त्याच्याविषयी जुन्या मासिकांत, वर्तमानपत्रांत जे सापडेल ते शोधायला लावा. वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात, ते मागून घ्यायला मुलांना फार आवडतं. घरात सामना बघताना त्याला वही द्या आणि कितव्या मिनिटाला काय झालं ते टिपू दे. सामना संपल्यावर दहा ओळींची बातमी लिहायची आणि सकाळी वर्तमानपत्रातल्या बातमीशी ताडून बघायची. बातमीदाराने काय सोडलं, काय आधी घेतलं, मथळा कशावर केला? महिनाभर हे केलं तर मराठी वर्तमानपत्राचं क्रीडापान तो स्वतःहून उघडेल. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाचं मराठी टिकवायला मला याहून चांगला रस्ता माहीत नाही.

आणि नियमांचं पुस्तक आणा. फुटबॉलचे एकूण १७ नियम आहेत, ऑफसाइडचा अकरावा. मैदानावर ज्यावरून रोज भांडणं होतात तो नियम मुलांपैकी कुणीच मुळातून वाचलेला नसतो. संध्याकाळी वाद झाला की पुस्तक मैदानातच उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं, असं त्याला सुचवून बघा. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असायला हवी. शाळेच्या मैदानावरचा गोल त्याने आणि बहिणीने टेप घेऊन मोजावा. तिला आकडे वाचायला द्या, त्याला टेप धरू द्या. असं पुस्तक तुमच्या वाचनालयात नसेल तर मागणीची वही असते, तिच्यात नोंद करा. नाव, विषय आणि भाषा त्याच्याच अक्षरात लिहायला सांगा. नवी पुस्तकं मागवताना ती वही आम्ही उघडून बघतो आणि मुलाच्या अक्षरातली मागणी सहसा मागे पडत नाही.